मराठीतला दाब

“घसरलास पुन्हा उर्दूत,” तारामतीबाई लेकाला म्हणाल्या आणि चिंचेतला चिंचोका काढून ताटलीत टाकला. “घरात भांडताना मराठी कशी फर्डी येते तुला. शिकवायला उभा राहिलास की नवाब होतोस.”

मुकुंद ओशाळून हसला. विज्ञान तो उर्दूत शिकला आणि शाळेतही उर्दूतच शिकवत आला. आता भाषेनुसार हैदराबाद राज्याचे तुकडे पडत होते. औरंगाबादच्या शाळेत जागा होती, पण तिथं सगळं मराठीत. नाहीतर इथंच हैदराबादेत कचेरीत कारकुनी. उद्या कळवायचं होतं. आईला धडा समजला तर जायचं, नाहीतर राहायचं, असं त्यानं तिला सांगूनच टाकलं होतं.

बाईंना तर जायचं नव्हतंच. बेगम बाजारमागचं नवऱ्यानं बांधलेलं घर सोडून भाड्याच्या खोलीत पाहुणी म्हणून राहणं त्यांना जन्मात जमलं नसतं. “नाही बाई कळलं,” एवढं म्हटलं असतं, तरी लेक जवळ राहिला असता.

“बंद डब्यात दोन वायू भरले,” मुकुंद शब्द शोधत म्हणाला, “तर दुसरा तिथं नाहीच, असं समजून प्रत्येक जण डब्याला आतून दाबतो. दोघांचा दाब मिळून डब्यातला एकूण दाब.”

“म्हणजे मी आणि तुझी बायको. डबा कसा टिकला, तेच नवल.”

आत रजनीचं हसू फुटलं. बाईंनाही ते आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

“आणि त्यातला एक काढून नेला तर?”

मुकुंद म्हणाला, “डबा तोच, ऊब तीच असेल, तर गेलेल्याच्या वाट्याचा दाब जातो. उरलेल्याचा होता तेवढाच राहतो.”

“कमी नाही होत?”

“नाही, आई.”

बाई चिंच सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “लख्ख कळलं. उद्या होकार देऊन ये.”

काचीगुडा स्टेशनावर लेक-सुनेला गाडीत बसवताना बाईंनी सुनेच्या गाठोड्याच्या गाठीला नावं ठेवली, हमालाशी दक्खनीत भांडून घेतलं आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळी सवयीनं पातेलं भरू लागला.

“बस, पावशेर.”

“बाकी लोगां किधर गए, अम्मा?”

बाईंनी पातेलं उजेडात तिरकं धरलं. मग दुधात पाणी किती घातलंस म्हणून त्याला असं फैलावर घेतलं, की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली.