चालेलताईंचा ‘पण’

“मोठ्यानं वाचा. इथं काय कानगोष्टी चालल्यात?”

चौकशीला आलेल्या माणसानं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. कोठीवाल्यानं घसा खाकरला. लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत त्याचं काम एकच. लिफ्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणी बदल केला, कधी केला, का केला, ते सगळं जपून ठेवायचं. जुन्या बदलांची कोठी सांभाळतो म्हणून कोठीवाला. खऱ्या नावानं त्याला फक्त बँकेतले लोक हाक मारायचे, तेही चुकीचं.

“दार उघडण्याआधी ब्रेकची वाट बघणं कमी केलं,” तो वाचू लागला. “चालेल.”

“पुढे?”

“पुढे... काही नाही.”

समोर बसलेल्या ताईंनी झटकन वर पाहिलं. ती नोंद त्यांची होती. तो बदलही त्यांचाच. आणि त्याच बदलामुळे, ब्रेक पुरता लागायच्या आत दार उघडलं आणि लिफ्ट सरकली. बाहेर पाऊल टाकणारा एक म्हातारा मधे सापडला. दवाखान्यात नेईपर्यंतही टिकला नाही बिचारा.

“काही नाही कसं?” ताई म्हणाल्या. “खालच्या ओळीत ‘पण’ आहे की माझा!”

साहेब मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. ते काही वर आलं नाही.

ताईंना सगळं ऑफिस चालेलताई म्हणायचं. काहीही सांगा, आधी ‘चालेल’ म्हणणार. मग श्वास घेणार, आणि मग ‘पण’ सुरू. लिहितानाही तसंच. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘चालेल’, खालच्या ओळीपासून ‘पण’.

“आमच्या सासूबाईंना आधी ‘नाही’ म्हटलं की पुढचं ऐकूच यायचं नाही,” त्या सांगायच्या. “तेव्हापासून खोड लागली बघ.”

“तुमचा ‘पण’ म्हणजे मांजराचं शेपूट आहे, ताई. मांजर दारातून गेलं तरी मागे हलतंच असतं,” कोठीवाला म्हणायचा.

“हल्ली फार जीभ चालते रे तुझी. चालेल. पण चहा तू पाजायचा.”

असं त्यांचं चालायचं.

मग एक दिवस, त्या अपघाताच्या आधी, साहेबांनी कोठीवाल्याला केबिनमध्ये बोलावलं. प्रत्येक लिफ्टमध्ये प्रोग्रॅम साठवणारा जो छोटा डबा असतो, त्यात बदलांचा अख्खा इतिहास असला पाहिजे, असा नियम आला होता. डबा काडेपेटीएवढा, त्यातली जागा त्याहूनही कमी.

“बसव,” साहेब म्हणाले. “मोठा डबा मिळणार नाही.”

कोठीवाल्याच्या अंगात वारं शिरलं. खोटं कशाला बोला, मजा आली त्याला. प्रत्येक नोंदीवर अख्खं नाव कशाला? शाळेत हजेरी घेताना रोज बापाचं नाव विचारतात का? नाव एकदाच लिहिलं, पुढे नुसता नंबर. पूर्ण तारीख-वेळही उडवली. आधीच्या नोंदीनंतर किती वेळानं, एवढंच ठेवलं. ‘कोण’ आटलं, ‘कधी’ आटलं. तरी डब्याचं झाकण लागेना. ‘का’ फार फुगलेलं. लोकं कारणं लिहितात ती ऐसपैस.

“पहिली ओळ ठेव, बाकी उडव,” साहेब म्हणाले. “शहाण्याला एक ओळ पुरते.”

कोठीवाल्याला ते खटकलं. त्यानं उडवलं तरीही. बसलं ना सगळं, कसं चपखल! नोंदीत कुणी फेरफार केला नाही हे दाखवणारा एक शिक्का प्रत्येक नोंदीवर असायचा, आणि तो तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या शिक्क्यावरून बनायचा. एक अक्षर हललं की पुढचे सगळे शिक्के बदलायचे. नवा इतिहास आणि जुना इतिहास, दोन्ही ठेवले तर खरा कुठला यावर भांडणं लागणार. म्हणून त्यानं जुना पुसला. राखून ठेवलेल्या प्रतींसकट पुसला. काम चोख होतं त्याचं. लिफ्टचे डबेही नव्यानं भरून झाले. मग साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर त्यानं सही केली: कोण, कधी, का, तिन्ही शाबूत.

“तिथं ‘पण’ होता,” आता चौकशीवाल्यासमोर कोठीवाला म्हणाला. “मी वाचलाय. ‘पण फक्त रिकाम्या लिफ्टवर, चाचणीपुरतं. माणसं चढवायच्या आधी परत वाढवा.’ असं होतं.”

“कुठंय?”

“पुसलं मी. जागेसाठी. साहेबांनी सांगितलं.”

आता साहेबांनी डोकं वर केलं. “जागा वाचव म्हणालो होतो मी. धोक्याचे इशारे पूस, असं म्हणालो होतो का? सांग ना.”

तसं ते म्हणाले नव्हते. एक ठेवून द्यावीशी वाटली कोठीवाल्याला. साहेबांना की स्वतःला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

चौकशीवाल्यानं तो सहीचा कागद त्याच्यासमोर सरकवला. “ही सही तुमचीच? मग तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?”

मग त्यानं ताईंच्या जुन्या नोंदी उघडल्या आणि पडदा खाली सरकवत राहिला. चालेल. चालेल. चालेल. कितीतरी वर्षं पडद्यावरून घसरत गेली.

“बाईंनी कधी कशाला हरकत घेतलेली दिसत नाही,” तो म्हणाला आणि लिहून घेतलं.

ताई बसल्या होत्या. हातांची घडी घालून, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरीसारख्या.

संध्याकाळी त्यांनी टेबल आवरलं. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, खुर्चीवरची उशी. उद्या त्यांना पोलिसांकडे जायचं होतं. त्या घटनेपासून ऑफिसात लिफ्टला कुणी हात लावत नव्हतं, सगळे जिन्यानंच ये-जा करायचे. कोठीवाला उशी घेऊन त्यांच्यामागून निघाला.

“तू पाठ म्हणालास माझं,” जिन्यात ताई म्हणाल्या. “थोडं चुकलास. ‘आधी’ नव्हतं लिहिलं मी. ‘अगोदर’ लिहिलं होतं.”

“ताई, मी...”

“असू दे रे.” त्यांनी त्याच्या हातातून उशी काढून घेतली. “गुडघे दुखतात तुझे. उतरू नकोस आणखी.”

“उद्या तुमच्याबरोबर येऊ का? तिकडे?”

“चालेल,” ताई म्हणाल्या.

कोठीवाला कठड्याला धरून थांबला. सवयच होती, पुढचं ऐकायची. ताई एका हातात पिशवी, काखेत उशी, अशा वळणावरून खाली गेल्या. चपलांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.