हात गेला तर जाळं

"काकू, हे सुकट होय का भुसा?" नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या चंदाने मूठभर माल तळहातावर घेऊन फुंकर मारली. अर्धा उडालाच.

अर्जुनी मोरगावच्या बाजारात शामकलाच्या मालाला नावं ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. नवऱ्यामागे याच जागेवर, याच तरटावर बसून तिने दोन पोरींची लग्नं उरकली होती. पण चंदाचं खोटं नव्हतं. शामकलाने पोतं उपडं केलं. सुकट नावाला, बाकी सगळी नखाएवढी पिल्लं, कोणत्या माशाची तेही ओळखू येईना. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता, तरी त्याचं घर बुडत चाललंय हे तिला पोत्यातून कळत होतं.

गोंदियाला जाऊन तिने व्यापाऱ्याला धरलं. टेकचंद गादीवरून हललाही नाही.

"माल ही नहीं है, बाई. बड़ी बोटें बारीक जाल डालकर सब खींच लेती हैं. बड़ी मच्छी परदेस जाती है, पिल्लू पीसकर मुर्गी का दाना बनता है. समंदर में बचा क्या?" मग तो जरा गोड झाला. "तुम्हारे तालाब की छोटी मच्छी सुखाकर दो ना. बिसराम को जाल दे दिया है. काम जम गया तो तुम्हारा माल भी चालू."

"अन् नाई जमलं त?"

"तो मैं माल कहाँ से लाऊँ?"

बिसराम तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो नाक पुसायच्या वयाचा होता; आता गावातल्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष होता. तलावात पावसाळ्यात सोडलेलं रोहू-कतल्याचं बीज अजून बोटभरच झालेलं, धरण्याजोगं व्हायला होळी उजाडणार. पण घरोघरी हात आखडलेले, आणि होळीपर्यंत थांबायला पोटाला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावर, सगळे जमले. ढिवरांत नवं जाळं पाण्यात घालायची एक रीत होती. मानाच्या घरातल्या थोरल्या बाईने जाळ्याच्या डोळ्यातून चार बोटं आरपार घालायची, मगच कुंकू लावायचं. सासू म्हणायची, 'हात गेला त जाळं, अडकला त चिंधी.' सासूनंतर हा मान शामकलाचा होता; नवरा गेल्यावरही ढिवरांनी तो तिच्याकडेच ठेवला होता. तिचं कुंकू लागल्याशिवाय गावातलं जाळं आजवर ओलं झालं नव्हतं.

ती आली ती पोत्यातल्या मालाची टोपली डोक्यावर घेऊन. टेकचंदाचं निळं जाळं गवतावर पसरलं होतं, कुठल्याशा किनाऱ्यावरच्या बोटीने वापरून टाकलेलं. तिने हात घातला. करंगळीचं टोकसुद्धा अडकलं.

"रीतच होय ना, वहिनी," बिसराम हळूच म्हणाला. "वरतून हात लावून दे."

"कायले?"

"कायले म्हन्जे? लोकं उपाशी बसून राहिले. तुयाच माल बंद होऊन राहिला, थ्या टेकचंदानं सांगतलं नाई का तुले?"

"सांगतलं."

"मंग काऊन अडून राहिली?"

शामकलाने टोपली उचलली आणि सगळा माल जाळ्यावर ओतला. "धरा चारी कोन," ती बायांना म्हणाली. बायांनी जाळं उचललं, हलवलं, पुन्हा हलवलं. थोडी धूळ खाली गळली. पिल्लू एकही पडलं नाही.

"पाहा," ती म्हणाली. "समुद्र अस्साच रिकामा झाला. हेच जाळं तेथून इथं आलं. एवढा मोठा समुद्र नाई पुरला, आपला तलाव किती दिवस पुरंल?"

बिसराम चिडला होता, आणि त्याचं चिडणंही खरंच होतं. "होळीवरी खाचं का?"

"पोटभर नाई भेटन. पन होळीले रोहू भेटन. हे टाकलं त कधीच नाई."

कुंकवाची डबी तिने न उघडताच कमरेला खोचली. बिसराम खाली बसून जाळं गुंडाळायला लागला. "या सालापुरतं आयकतो, वहिनी," तो मान वर न करता म्हणाला. ते गाठोडं टेकचंदाकडे परत गेलं आणि तिचा माल त्याच दिवशी बंद झाला. भीती तिलाही वाटली. पण पश्चात्ताप झाला नाही.

पुढच्या बाजाराला ती नेहमीच्या एसटीने गेली. जागा रिकामी दिसली की दुसरं कुणी तरट टाकतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने जागा झाडली, पाणी शिंपडलं, तरट अंथरलं, टोपली समोर ठेवली आणि पदर सारखा करून बसली.

चंदा आली, टोपलीत वाकून बघितलं. "काकू, यात त काहीच नाई."

"नाई."

"मंग बसली कायले?"

"होळीले ये," शामकला म्हणाली. "रोहू देतो." आणि तिने रिकामी टोपली उन्हातून सावलीत सरकवली.