लाल फ्रॉक

"सर, तोच तर चार्म आहे ना! एकदम व्हिंटेज!" गंधाली म्हणाली.

"अगं, पोरगी इथे आणि फ्रॉक तिथे," नाना म्हणाले. "चाळीस वर्षं शेजारी शेजारी उभी आहेत दोघं."

नाना माझे काका. आयुष्यभर मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढली. काळा आणि लाल, दोनच रंग. तिसरा प्रकाशकाला परवडायचा नाही. त्यामुळे त्यांचा वाघही लाल आणि कोबीही लाल. आता त्यांचं एक जुनं पुस्तक पुन्हा निघत होतं, आणि प्रकाशनाची ही डिझायनर नाहूरला आमच्या घरी येऊन त्यातल्या चुकीच्या प्रेमात पडली होती. तेव्हा छापताना लाल रंगाचा ब्लॉक अर्धा इंच सरकलेला. रेषांतली मुलगी पांढरी, बाजूला नुसता लाल फ्रॉक.

"परफेक्ट चित्र काय, आता फोनपण काढतो," गंधाली म्हणाली.

ती मुलगी म्हणजे शुभा, नानांची लेक, हे तिला माहीत नव्हतं. चित्रासाठी नवा फ्रॉक घालून स्टुलावर उभी राहिली होती. मानधन, दोन लिमलेटच्या गोळ्या. पुस्तकाचं प्रूफ आलं तेव्हा ती तापाने हॉस्पिटलात होती. नानांनी कॉटच्या कडेला कागद टेकवून, न बघता सही केली. प्रूफ पास झालं. शुभा घरी आली नाही.

"सांगू का तिला?" मी स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"नको. सही माझी आहे."

पुस्तक आलं. कागद झकास. फ्रॉक होता तिथेच.

नानांनी लाल पेन्सिल काढली. रेषांतल्या मुलीवर लाल फ्रॉक रंगवत घरच्या दहा प्रती एका दुपारीत उरकल्या. मग मला घेऊन मुलुंडच्या पुस्तकांच्या दुकानात गेले.

"आजोबा, ही काय चित्रकला स्पर्धा आहे?" मालक ओरडला.

"अहो, चित्रकार हेच आहेत," मी म्हणालो.

"मग घरीच पूर्ण करून आणायचं ना!"

मुद्दा बिनतोड होता. रंगवलेल्या सगळ्या प्रती मी विकत घेतल्या. आता माझ्याकडे एकाच बालपुस्तकाच्या सव्वीस प्रती आहेत आणि माझं लग्नही झालेलं नाही.

काल घाटकोपरचं दुकान. तिथे मुलांसाठी बुटकी खुर्ची होती. नाना गुडघे हनुवटीपाशी घेऊन तिच्यात बसले. एक चिमुरडी शेजारी येऊन त्यांचं काम तपासू लागली.

"रेषेच्या बाहेर नाही जायचं हं, आजोबा."

"नाही जाणार."

त्यांनी डाव्या हाताने पान घट्ट दाबून धरलं. सरकू नये म्हणून.