न दिसणारे चौदा टाके

सासूबाई शिवणकाम करायच्या आणि सून पाण्यावर उभी राहायची, असं ते घर.

उभी राहायची म्हणजे अक्षरशः. पायाखाली आखूड फळी, फळीखाली दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात बुडालेले पंख आणि हातात दोऱ्या लावलेलं एक हलकं कापड. त्याला पॅराविंग म्हणतात. कापडात वारा भरला की फळी पाण्यापासून हातभर सुटते आणि माणूस तरंगत निघतो. चांगली लाट मिळाली की कापड गोळा करून कमरेच्या पट्ट्यात कोंबायचं आणि मोकळ्या हातांनी पुढं जायचं. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर हे करणारे दोघंच होते, आणि लोक त्यांना खुळ्यात काढत. आता दातांचे डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत येतात, बँकेतल्या बाई खांद्यावरच्या पिशवीत कापड घालून बसनं येतात. शिकायला इतकी माणसं झाली की किनाऱ्यावरच्या क्लबला आणखी एक शिक्षक हवा होता. त्याची परीक्षा शनिवारी सकाळी. सुनेला गोदामातल्या कामाचा कंटाळा आला होता. त्यातून सुटका होणार की नाही, ते त्या एका सकाळवर होतं.

सासूबाईंना तिचं मोठं कौतुक. देवानं ज्याला जे दिलं ते त्यानं मन लावून करावं, आपण नाक मुरडणारे कोण, असं त्यांचं सरळ म्हणणं. शुक्रवारी दुपारी सून कामावर होती आणि कापड खुर्चीवर वाळत पडलं होतं. त्यांनी सहज उचललं आणि चरकल्या. दोऱ्या एकसारख्या नव्हत्या! एक लांब, एक आखूड. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेल्या बाईला हे कसं बघवावं? शिवणारा वेंधळा असणार, दुसरं काय! त्यांनी टेप काढली, लांब दोऱ्या दुमडल्या, हातानं टाके घातले आणि सगळ्या एका मापात आणल्या. चौदा ठिकाणी. धागा त्याच रंगाचा, टाका नजरेला येणार नाही इतका बारीक. कापलं मात्र काहीच नाही. दुमडून भागत असेल तर कातरी लावायची नाही, हा त्यांचा नेम.

शनिवारी दोघी किनाऱ्यावर गेल्या. परीक्षा घेणारे गृहस्थ वयस्कर होते, सगळे त्यांना कप्तान म्हणत. सुनेचा नंबर चौथा. तिनं सवयीनं कापड वाऱ्यावर धरून बघितलं. ते फुगलंच नाही. जरा फडफडलं आणि ओल्या टॉवेलसारखं वाळूवर पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच.

"परवा तर नीट होतं," असं म्हणत तिनं दोऱ्या हातात घेतल्या आणि थबकली. "आई, तुम्ही याला काही केलंत का?"

"केलं ना!" सासूबाईंचा चेहरा फुलला. "म्हटलं, आजच कळू दे तुला. नुसत्या वेड्यावाकड्या होत्या गं. सगळ्या एका मापात आणल्या. बघ, टाका दिसतोय कुठं?"

सून मटकन वाळूवर बसली.

"काय गं? आवडलं नाही?"

"आई, त्या मुद्दाम लहानमोठ्या असतात. पुढच्या ओळीचं माप वेगळं, मागच्या ओळीचं वेगळं. तेव्हा कापडाला गोलाई येते."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे बाहीसारखं! पुढचा गोल खोल, मागचा उथळ. आणि मी मेलीनं दोन्ही सारखे करून ठेवले!" असली चूक त्यांनी नवशिक्या मुलीलाही कधी माफ केली नव्हती.

"जाऊ दे. आज जमणार नाही म्हणून सांगून येते." सून उठायला लागली.

"बस खाली! पिशवीत कातरी आहे माझ्या."

पण कातरी लावायची कुठं? टाके दिसेनात. चष्मा पुसून झाला, दोरी उन्हात धरून झाली. तिकडं पहिला उमेदवार पाण्यात उतरलाही. शेवटी सासूबाईंनी डोळे मिटले, दोरी ओठांत धरली आणि हळूहळू ओढायला लागल्या. ओठांना जाड लागलं की थांबायचं आणि कातरीचं टोक घालायचं. तोंड अडकलेलं, म्हणून देवाचं नाव मनातल्या मनात चाललेलं.

दातांचे डॉक्टर फळी घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. "काकू, दोरी कसली चावताय? दात सांभाळा."

"कवळी आहे," सासूबाई दोरीमागून म्हणाल्या. "तुमचा धंदा नाही व्हायचा."

तेरा टाके निघाले. चौदावा काही सापडेना, आणि कप्तानांनी सुनेच्या नावाचा पुकारा केला.

"डावीकडचीच कुठली तरी आहे गं," सासूबाई रडवेल्या झाल्या. "उजव्या सगळ्या मी दोनदा बघितल्या."

"डावीकडची, हे नक्की?"

"नक्की."

"मग झालं तर." आणि सून गेलीच.

कापड फुगलं, पण सारखं डावीकडं मान टाकत होतं. फळी उठली आणि आपटली. सासूबाईंनी डॉक्टरांचं मनगट गच्च धरलं. सुनेनं हात सरकवून धरले, वजन उजवीकडं घेतलं. फळी पुन्हा उठली, डगमगली आणि उठलेलीच राहिली. मग एकदम कापड दिसेनासं झालं.

"अगं बाई! कापड गेलं!"

"गेलं नाही, काकू, पट्ट्यात कोंबलं. आणि माझा हात सोडा आता, मला दुपारी पेशंट आहेत."

सून लाटेच्या पाठीवरून येत होती. हात रिकामे, वर काही नाही, आवाज नाही. लाट तिला आणत होती आणि ती येत होती. डॉक्टरांचं मनगट सुटलं आणि सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"तुमचं कापड डावीकडं ओढत होतं," ती काठाला आल्यावर कप्तान म्हणाले.

"हो. डावीकडची एक दोरी आखूड आहे. ठाऊक होतं मला."

"तरी उतरलात?"

"कुठली बाजू ते कळलं होतं ना, मग सांभाळता येतं."

कप्तानांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "शिकायला येणारे रोज असलीच बिघडलेली कापडं घेऊन येतात. सोमवारपासून या."

सून पळत आली आणि तशीच ओलीचिंब सासूबाईंच्या गळ्यात पडली.

"पुन्हा तुझ्या वस्तूला हात लावणार नाही, देवाशपथ," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"लावा की. फक्त आधी विचारा."

"बरं, विचारते." सासूबाईंनी तिच्या कमरेकडं निरखून बघितलं. "हा पट्टा तुला सैल होतोय. दोन टाके घालू?"

सुनेनं हसत पट्टा सोडला आणि त्यांच्या हातात दिला.