तोंडात टाचण्या असताना

कृतज्ञता हा मनुष्यजातीचा सर्वश्रेष्ठ अलंकार आहे. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत तो फक्त अलमेलूला घालता येत नाही. ती मारायला धावते.

अलमेलू शिलाईकाम करते, एकटी राहते. समोरच्या घरात तिची मैत्रीण पूंगोडी. सरकारी बसची कंडक्टर, नवरा मस्कतला. पूंगोडी उजाडायच्या आत ड्यूटीवर जाते. मग तिच्या लेकीला, कयलला उठवणं, वेण्या घालणं, शाळेत सोडणं, पूंगोडीच्या दारात कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी काढणं आणि दुपारी बसथांब्यावर तिला दहीभाताचा डबा पोचवणं, हे सगळं अलमेलू करते. का करतेस विचारलं तर म्हणते, "समोर राहते ना ती. मागच्या गल्लीत राहिली असती तर निम्मंच केलं असतं."

एकदा पूंगोडी गहिवरून म्हणाली, "अलमेलू, खरंच तुझे आभार..."

"आभार सभेत मानतात. पुन्हा हा शब्द काढलास तर पोरीच्या वेण्या तूच घाल."

पूंगोडीने तो शब्द पुन्हा काढला नाही, पण तो तिच्या मनात कुसासारखा सलत राहिला. आणि आमच्या गावात जे तोंडाने सांगता येत नाही त्याचा फ्लेक्स लावतात.

अलमेलूचा फोटो मिळाला तो रेशनकार्डावरचा. त्यात तिने श्वास रोखून धरला होता. फ्लेक्सवाला कदिरवेल तो पाहून हळहळला आणि त्याने चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पेटती समई टाकली. "समया माझ्यातर्फे, अक्का." किती भला माणूस, असं पूंगोडीला वाटलं. खाली मजकूर होता: 'अलमेलू, तू आहेस म्हणून माझं घर चालतं.'

दुसऱ्या दिवशी पूंगोडी ड्यूटीवर गेल्यावर कदिरवेलने फ्लेक्स गल्लीच्या तोंडाशी बांधला. पाठोपाठ शहाळेवाल्याने आपली गाडी रोजच्या जागी, म्हणजे बरोबर त्या मजकुरापुढे आणून उभी केली. वर राहिला तो चेहरा आणि दोन समया, आमच्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असतात तशा.

इकडे अलमेलूने पूंगोडीच्या दारात कोलम काढला आणि पिठाचा डबा घेऊन ती स्वतःच्या दाराकडे वळणार, तोच आतून कयलने भोकाड पसरलं. शाळेत स्नेहसंमेलन होतं, कयल मोर होती आणि पिसारा उसवला होता. अलमेलू डबा तिथेच ठेवून आत धावली. तिच्या दारात काही कोलम उमटला नाही.

दारात कोलम नाही म्हणजे घरात कोणीतरी गेलं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. एकटीच्या घरात कोण गेलं असेल, याला फार डोकं लागत नाही.

"परवाच तर बोलली माझ्याशी!" फुलवाली रंगनायकी डोळ्याला पदर लावून म्हणाली. "सोन्यासारखी बाई. बाही तेवढी घट्ट शिवायची."

"घट्ट? माझी तर ढगळ झालीय," शेजारची म्हणाली.

"जाऊ दे गं, आता गेली ती."

"गेली खरी, पण माझं पोपटी कापड तिच्याकडेच आहे. आता मागायचं कुणाकडे?"

बातमी गल्लीबाहेर पडली आणि हातात हार घेऊन पूंगोडीच्याच बसमध्ये चढली. "तुमच्या गल्लीपाशी उतरव गं," हार घेतलेली बाई म्हणाली. "शिलाईवाली अलमेलू गेली म्हणे."

पूंगोडीच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. कालचा रिकामा डबा तिने अलमेलूच्या हातात कोंबला होता तो फोनवर बोलता बोलता, तिच्याकडे न बघताच. ड्रायव्हर अय्यादुरैने आरशात तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता बस आमच्या गल्लीकडे वळवली. "अहो, माझं ऑफिस!" म्हणून एकजण ओरडला. पण गल्ली आल्यावर सगळ्यांत आधी तोच उतरला.

अलमेलूच्या बंद दारापुढे रडारड चालली होती. पूंगोडीला ते बघवेना. ती पोरीला जवळ घ्यायला स्वतःच्या घरात शिरली. आत अर्धा मोर उभा होता आणि त्याच्या मागे अलमेलू फतकल मारून पिसारा टाचत होती, तोंडात टाचण्या धरून.

पूंगोडीने धावत जाऊन तिचा खांदा धरला. "अगं, तू आहेस!"

"ऊं?"

"बोलू नकोस, गिळशील!" आणि पूंगोडीचा बांध फुटला. "कयलला ताप आला तेव्हा मी बसमध्ये तिकिटं फाडत होते, उशाशी तू होतीस. 'आई' लिहायला तिला तू शिकवलंस. मी आल्यावर म्हणालीस, 'हिने आपलं आपणच लिहिलं.' मला कळत नाही होय? तू नसतीस तर मी केव्हाच नोकरी सोडून बसले असते. आता मार हवं तर, पण आभार मानणार म्हणजे मानणार!"

अलमेलू दोन्ही हात हलवत होती, डोळे वटारत होती. पण तोंडभर टाचण्या असताना माणसाला भांडता येत नाही. खिडकीत अख्खी गल्ली आणि निम्मी बस कान देऊन उभी होती. अलमेलू जिवंत दिसत असूनही रंगनायकीने नव्याने रडायला घेतलं. पोपटी कापडवालीने मात्र सुटकेचा श्वास सोडला. हार वाया जाऊ नये म्हणून अय्यादुरैने तो बसला घातला.

अलमेलूने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या उशीला खोचली. खिडकीकडे पाहिलं. नाक पदराला पुसलं.

"झालं तुझं?"

"झालं."

"एवढं सगळं आहे ना मनात?"

"आहे."

"मग माझ्या डब्याचं झाकण परत कर. पोंगलच्या सणापासून वर बशी ठेवून आणतेय."