पुन्हा नाही

"मुलं किती?"

"एकही नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग नसबंदी कशाला? चाळिशीत हौस आली की माझ्या नावानं शिमगा कराल."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या वैजनाथला बोलण्यापेक्षा पाना चालवणं सोपं जायचं. त्यानं बायकोची फाइल पुढे सरकवली. दोन गर्भपात. तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात रक्तस्राव. बाळ गेलं, अक्षता आठ दिवस आयसीयूत. पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, असं शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं.

"ऑपरेशन त्यांचंही करता येतं."

"तिच्या पोटावर आता एक टाका नको. माझं करा."

डॉक्टर बाहेर बसलेल्या अक्षताशी पाच मिनिटं बोलले. परत येऊन म्हणाले, "शनिवारी या."

सोमवारी वाघोलीच्या घरी त्याच्या आईला, सुंदराबाईंना, कळलं. त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं.

"दोष तिच्यात अन् कापून तू घेतलंस? येकदा अजून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"अक्षता गेली असती."

"तसं न्हाय म्हणत मी."

"तसंच आहे ते, आई. आयसीयूबाहेर हात जोडून मी तिलाच मागत होतो. मिळाली. परत पणाला लावणार नाही. बोलायचं ते मला बोल. तिला एक शब्द बोललीस, तर आम्ही दुसरी खोली बघू."

आठवडाभर सुंदराबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. अक्षतालाही काही बोलल्या नाहीत.

रविवारी गावाहून चंद्रभागामावशी आली, कुठल्याशा बाबाचा अंगारा घेऊन. "सुनंला लाव. औंदा नातवंड मांडीवर येतंय बघ."

वैजनाथ उठायला लागला. त्याआधीच सुंदराबाईंनी पुडी मावशीच्या पिशवीत परत कोंबली.

"आमच्याकडं आता पोर व्हायचं न्हाय. पोरानं ठरवलंय. बरं केलंय."

"अगं, पन नातवंडाचं तोंड तरी..."

"बघितलंय. नात झाली मला. दीड दिवस होती. नाक माझ्यावर गेलं हुतं."

इतके महिने त्या घरात बाळाचा विषय कुणी काढला नव्हता. स्वयंपाकघरातला गॅस बंद झाला आणि अक्षता दारात येऊन उभी राहिली. ते दोन्ही दिवस ती बेशुद्ध होती. तिनं मुलीला पाहिलंच नव्हतं.

"अजून कशी होती, आई?"

सुंदराबाईंनी सरकून पलंगावर जागा केली.

"जावळ," त्या म्हणाल्या, "लई दाट."