देवीलालचे दोन कप

मी मग्गा बोलतोय. न्हाणीतला नाही, आधीच सांगून ठेवतो. तो माझा चुलतभाऊ आणि आमचं जाणं-येणं नाही. मी स्टीलचा, पोटानं गोल, कानाला एक भोक पाडलेला. त्या भोकापासूनच सुरुवात करतो.

बोरी अरबजवळच्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या पाण्याच्या पिंपाला मला साखळीनं बांधलं होतं. चोरून न्यायला मी काही सोन्याचा नव्हतो, पण गुरुजींचा कोणावरच भरवसा नव्हता. पिंप वर्गाच्या खिडकीखाली. त्यामुळे माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. तेही अर्धवट, कारण आत काही महत्त्वाचं सुरू झालं की नेमकी कोणाला तरी तहान लागायची. पाढे मला तेरापर्यंत येतात. पुढचे गुरुजींना येत होते की नाही, मला शंका आहे.

खोड्या मात्र पूर्ण शिकलो. कोणी घाईनं पाणी प्यायला लागलं की काठावरून अर्धा घोट थेट त्याच्या गळ्यात सोडायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या शर्टावर सोडला. साहेब तसेच ओले वर्गात गेले आणि त्या दिवशी पोरांनी पहिल्यांदा मन लावून फळ्याकडे पाहिलं.

पुढे शाळेत नळाची टाकी आली आणि मी अडगळीत पडलो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सोनीबाईनं गुरुजींना विचारून मला घरी नेलं. तिचा नवरा देवीलाल. दोघं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, भांडायचे. मी मराठी शाळेचा, म्हणून मराठीत सांगतो.

देवीलाल बडबड्या, हौशी, पण त्याला मिरगीचा आजार. एकदा बाजारातून येताना सायकलवरच झटका आला आणि तो सायकलीसकट नाल्यात गेला. नाल्यात गाळ होता म्हणून निभावलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या आणि बजावलं, "वर्षभर एकही झटका आला नाही, तर सायकलचं पाहू. तोवर हात लावायचा नाही."

सोनीबाईनं सायकल गोठ्यात आढ्याला टांगली. देवीलाल रोज खालून हात उंचावून तिच्या चाकावरची धूळ पुसायचा. बोरीच्या बाजाराला एकट्यानं जायचं, एवढंच त्याला हवं होतं. बायकोच्या मागं पिशवी धरून चालताना ओळखीचं कोणी दिसलं की तो भेंडीचा भाव विचारायला वळायचा.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. चहा दिवसातून दोन कप, जास्त नाही.

देवीलाल डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. घरी आला, फळीवरचे सगळे कप पाहिले आणि मला उचललं.

"आजपासून माहा कप हा."

"मग्गा होय तो," सोनीबाई म्हणाली.

"याले कान हाय का नाई? कान असन त्याले कपच म्हनते."

खरं सांगतो, मला लय आनंद झाला. पाण्यावरून एकदम चहावर, केवढी बढती. सकाळी एकदा काठोकाठ, दुपारी एकदा काठोकाठ. कोणी विचारलं की देवीलाल छातीवर हात ठेवायचा. "दोन कपाच्या वर एक घोट नाई." आणि मी फळीवर बसून पोट धरून हसायचो.

गोळीनं त्याला गुंगी यायची. ती घालवायला तो मला भरायचा. सकाळची गोळीही माझ्यातल्याच चहानं गिळायचा. पोटात गोळी म्हणायची, पड जरा. मी म्हणायचो, ऊठ, तांड्यात काय चाललंय बघून ये. अंथरुणावर पडला की मग डोळा लागत नसे. सकाळी पुन्हा गुंगी, पुन्हा मी. मला वाटायचं, आपण जिंकतोय.

अकरावा महिना लागला. देवीलालनं शिडी लावून सायकलीच्या साखळीला तेल घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारचा चहा पिऊन उठला आणि माझ्यासकट अंगणात कोसळला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. सोनीबाईनं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली गोधडी सारली. शेजारचा शंकरसिंग नाकाला लावायला चप्पल घेऊन धावत आला.

"पायातच राहू द्या भाऊजी ते," ती म्हणाली.

मी मातीत उताणा पडलो होतो. कोणी सांडलं की मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शंकरसिंग पुन्हा हजर. "त्या गोळ्याच बोगस हायेत. अकरा महिने खाऊन काय भेटलं तुले? फेकून दे. मी जडीबुटीवाला दाखवतो."

देवीलाल गोळ्यांच्या पट्ट्या मुठीत घेऊन चुलीसमोर बसला. "वर्ष गेलं माहं," एवढंच म्हणाला. बडबड्या माणूस इतकं थोडं बोलला म्हणून सोनीबाई घाबरली आणि आरोग्य खात्याच्या आशाताईला, म्हणजे साधनाला, बोलावून घेऊन आली.

साधनानं आधी पट्ट्या त्याच्या मुठीतून काढून घेतल्या. "काकाजी, गोळी चुकली होती का?"

"एक दिवस नाई."

"झोप?"

"ते कुठं लागते."

"चहा किती?"

"दोन कप." हात छातीवर.

तेवढ्यात सोनीबाई चहा घेऊन आली. साधनापुढे पाहुण्यांचा फुलाफुलांचा कप ठेवला, देवीलालपुढे मला. साधनानं आपल्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तेव्हा परातीमागं लपावंसं वाटलं.

"काकू, हा मग्गा रिकामा करा अन् पानी आना."

साधनानं आपला चहा संपवला आणि तो फुलांचा कप पाण्यानं भरभरून माझ्यात ओतला. एक, दोन, तीन. सोनीबाईही तोंडातल्या तोंडात मोजू लागली. सातव्याला मी भरलो.

सात दुणे चौदा. हा पाढा मला येत होता. मी कधी म्हटला नव्हता.

"डॉक्टरनं लहान-मोठा काई सांगतलं नोयतं," देवीलाल पुटपुटला.

"अन् तुमी काई इचारलं नाई," सोनीबाई म्हणाली.

साधना दोघांना यवतमाळला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले ते सोनीबाईनं घरी येऊन तांडाभर सांगितलं. चहा काही विष नाही, पण इतका प्यायला तर झोप उडते, आणि झोप उडाली की झटक्याला वाट मोकळी. काही गोळ्यांचं तर चहाशी पटतही नाही. गोळी मनानं बंद करायची नाही. चहाही एकदम तोडायचा नाही, डोकं धरतं, हळूहळू उतरवायचा. गुंगीचं आधीच सांगायला हवं होतं म्हणाले, आणि गोळीची वेळ बदलून दिली. आणि वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं.

माझी चहावरची नोकरी गेली. सोनीबाईनं मला घासून-पुसून खाटेजवळच्या खिळ्याला, त्याच जुन्या भोकातून अडकवलं. गोळ्यांच्या पट्ट्या आता माझ्यात राहतात. जिच्याशी भांडलो तिलाच पोटात घेऊन बसलोय. देवीलाल झोपतो. घोरतो इतका की शंकरसिंग तक्रार करतो.

ते वर्ष झटक्याविना कोरडं गेलं. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि गेल्या बाजारी सायकल खाली उतरली.

सोनीबाई दिवसभर दारातच. तूर निवडतेय असं दाखवत होती, पण निवडलेली आणि न निवडलेली दोनदा एकत्र केली. ऊन कलल्यावर घंटी वाजली. देवीलाल वाजवतच आला, रस्त्यात कोणी नसताना.

"किती चहा झाला?" तिनं विचारलं.

"सात जनांनी चहाले धरलं मले. एकच घेतला."

"कोन्या कपात?"

त्यानं खिशातून रुमालाची गाठोडी काढली आणि सोडली. आत फुलाफुलांचा कप.

"इथूनच घेऊन गेलतो. हाटेलवाला म्हने, हे काय? म्हनलं, माहं माप हाय."

सोनीबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय ते मला खिळ्यावरून दिसलं नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी कोणी "दोनच कप घेतो" म्हणाला, तर एकदा त्याचा कप बघा. गोळी घेणारा असेल तर चहाचं त्याच्या डॉक्टरला विचारू द्या. मला विचारू नका, मी खिडकीतून शिकलेला.

आणि माझं विचाराल तर बरं चाललंय. रोज सकाळी देवीलाल हात घालतो तेव्हा मी पट्टी तळाशी अडवून धरतो. तो मला उलटा करतो, टकाटका ठोकतो, शिव्या देतो. मग सोडतो. अजून एकही गोळी चुकू दिलेली नाही.